लोखंडी मनगटाची दुसरी कॅसेट

पंढरी म्हात्रेच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते पुतण्याच्या साखरपुड्यात, आणि त्यात बासुंदीचा काही दोष नव्हता.

शेजारच्या खुर्च्यांवर बसलेली पोरं मोबाईलवर अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून खिदळत होती. एक किडमिडीत माणूस पाण्याच्या टाकीवरून खाली यायचा. हवेत असतानाच ओरडायचा, "आये, जेवण झाकून ठेव गं!" मग पेंढ्यावर आपटायचा, मरायचा, आणि मेल्यावर उठून लुंगी नीट करून पुन्हा मरायचा. त्रेचाळीस लाख लोकांनी तो बघितलेला. ऑफिसात उशीर झाला की घरी हाच व्हिडिओ पाठवायचा, अशी कल्याण-डोंबिवलीत पद्धतच पडून गेलेली.

"हा तर दगड्या," पंढरी म्हणाला. "याला मी मारलाय."

पोरं गप्प झाली. पंढरी ठाकुर्लीतला जागावाला माणूस. जागावाल्याने असं वाक्य टाकलं की आधी गप्प बसावं, हे त्या भागातल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

"पिक्चरमंदी रं! हिरो मी होतो. हे बघ, हे मनगट माझं."

व्हिडिओच्या डाव्या कडेला अर्धा सेकंद एक मूठ दिसायची. तांब्याचं कडं घातलेली. दगडू जो पडायचा तो या मुठीनेच पडायचा. पंढरीने आपलं मनगट मोबाईलशेजारी धरलं. पस्तीस वर्षांत मनगटाने बरंच अंग धरलं होतं. पोरांनी झूम केलं, आपापसात चर्चा केली आणि निकाल दिला, "असू शकतं."

असू शकतं! पंढरीला त्या रात्री झोप लागली नाही. 'नाही' म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

खरं म्हणजे त्याच्या हिरोपणाबद्दल कधीकाळी कुणाला शंका नव्हती. नव्वद साली, म्हणजे गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या होत्या आणि शनिवारी व्हीसीआर भाड्याने आणून चार घरं एका टीव्हीपुढे बसायची तेव्हा, 'लोखंडी मनगट' हा पिक्चर थेट कॅसेटवर निघाला. थिएटर नाही, पोस्टर नाही. बाबुराव नावाच्या डोंबिवलीच्या लग्नवाल्या शूटरला वाटलं, वर्षातले चार महिने मुहूर्त नसतात, तेवढ्यात एक मारधाडीचा पिक्चर होऊन जाईल. पंढरी चोवीस वर्षांचा होता, त्याच्याकडे बुलेट होती आणि केस होते. हिरो ठरला.

बाबुरावला फक्त लग्नं काढता यायची. त्यामुळे हिरोची एंट्री वरातीसारखी झाली. खलनायकाने आपल्या माणसांना बोलावलं की कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडापुढे जाऊन थांबायचा आणि ते बिचारे सवयीने हात जोडायचे. कुणी मेला की पडद्यावर बदाम उमलायचा आणि त्या बदामात पुढचा सीन. बाबुरावच्या व्हिडिओ मिक्सरमध्ये बदाम, गुलाब आणि दोन हंस एवढंच होतं.

आणि मरायला होता दगडू. कल्याणजवळ मोहन्याला राहायचा, ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत गाडीच्या टपावर सामान चढवायचा. त्यामुळे उंचावरून पडण्याचं त्याला काही विशेष नव्हतं. पिक्चरमध्ये तो सात वेळा मेला, सातही वेळा पंढरीच्या हातून. दर वेळी वेगळी मिशी लावून परत यायचा. तेव्हा पंढरीला तो फार आवडायचा.

आता तोच दगडू कल्याणला एका गाद्यांच्या दुकानाची फीत कापणार, असं कळल्यावर पंढरी तिथे गेला. सहज. समोरच्या फुटपाथवर शहाळं पीत उभा राहिला. एक संपलं तरी दगडू आला नाही, म्हणून दुसरं घेतलं. तिसऱ्याला दगडू आला. पांढरा शर्ट, गुडघ्याला पट्टा, गळ्यात हार. गर्दीतून त्याने नेमका पंढरीला हेरला.

"शेट! अहो शेट, इकडं या! हे बघा, आमचे पंढरीशेट! यांनीच मला मारलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीने हात वर केला, तेवढ्यात मागचा एकजण कौतुकाने बोलला, "ज्याने मारलं त्याला पण शेट म्हणतो. काय मोठा माणूस आहे यार दगडूकाका!"

पंढरी घरी आला तो एक गादी घेऊनच. का घेतली ते त्याला सांगता आलं नाही.

"तीन शहाळी आनि गादी?" बायको भावना म्हणाली. "अवो, तुमाला नक्की झालंय तरी काय?"

"त्याच्यात हाय काय बघण्यासारखा? पडतो फक्त. पडाला काय अक्कल लागते?"

"मंग तुमी पडा."

पंढरी जमिनीवर गादी टाकून त्या गादीकडेच बराच वेळ बघत उभा राहिला.

अकरा सेकंदांचा तो व्हिडिओ टाकला होता विकीने. विकी म्हणजे बाबुरावचा नातू. आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली. माळा साफ करताना त्याला दोन कॅसेट सापडल्या, 'लोखंडी मनगट भाग १' आणि 'भाग २'. लायब्ऱ्यांमधल्या बाकीच्या सगळ्या कॅसेट बुरशीने खाल्लेल्या, जगात उरलेली ही एकच जोडी. विकीने भाग एक मोबाईलवर चढवला आणि दगडूचं नशीब फळफळलं. आता रविवारी सकाळी अकराला डोंबिवलीत, एका मंगल कार्यालयात, तो अख्खा पिक्चर पडद्यावर दाखवणार होता. प्रमुख पाहुणे दगडू.

पंढरी विकीच्या दुकानात जाऊन थडकला.

"काय रं पोऱ्या, हिरो जिवंत असताना प्रमुख पाहुना मयताला करतंस?"

"काका, पब्लिकची डिमांड आहे. तुम्ही पण या ना. पहिल्या रांगेत बसवतो."

"भाग दोन बघितलास?"

"अजून नाही. आज मोबाईलवर चढवणार होतो."

पंढरीच्या डोक्यात वीज चमकली. भाग दोन म्हणजे क्लायमॅक्स. मोहन्याच्या माळावर बावीस मिनिटं पंढरी एकटा विरुद्ध सगळे. दगडू त्यात नव्हताच, तो सातव्यांदा भाग एकच्या शेवटी मेलेला. बावीस मिनिटं निव्वळ पंढरी! पण हा पोरगा आधीच त्याचे तुकडे करून मोबाईलवर टाकणार, आणि त्यातून पुन्हा कुठला तरी पडणारा निघणार.

"हात लावायचा नाय," पंढरी म्हणाला. "ती कॅसेट डायरेक्ट शोला लावायची. आधी कुनी बघायची नाय, क्लिप काढायची नाय. माझा पिक्चर हाय, माझी अट हाय."

"चालेल ना काका. सस्पेन्स!" विकी म्हणाला. तेवढंच काम वाचलं.

रविवारी पंढरीने गावातून दोन बस भरून माणसं नेली. नवा कुर्ता, केसांना रंग. भावनाने हिरवी साडी नेसली. वाटेत प्रत्येकाला तो एकच सांगत होता, "पहिला भाग नाय बघितलात तरी चालंल. दुसऱ्याला जागे रहा."

भाग एक सुरू झाला. दगडू मेला, लोक उभे राहिले. दगडू पुन्हा मेला, शिट्ट्या. टाकीवरून पडला तेव्हा चारशे लोक एका आवाजात ओरडले, "आये, जेवण झाकून ठेव गं!" स्टेजवरच्या खुर्चीत दगडू लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. दर वेळी तो मेला की पंढरी शेजाऱ्याला सांगायचा, "ही फाईट मी मारली." शेजारी म्हणायचा, "बाजूला व्हा काका, दिसत नाहीये."

मध्यंतरात वडापाव झाले. पंढरीने खाल्ला नाही. विकीने दुसरी कॅसेट व्हीसीआरमध्ये ढकलली.

मोहन्याचा माळ दिसला. चाळीस गुंड. समोरून पंढरी चालत येतोय, बारीक कंबर, वाऱ्यावर केस. हॉलमध्ये शांतता पसरली. पडद्यावरच्या पंढरीने मूठ वळली, हात मागे नेला,

आणि पडदा खरखरला, बदाम उमलला, आणि बदामात तोच पंढरी पाटावर बसलेला. उघडा. कपाळापासून बेंबीपर्यंत हळद फासलेला. आजूबाजूला बायका.

लोकांना वाटलं ही कथाच आहे. "मारामारी सोडून लग्नाला बसला!" कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसून हसून लोळायला लागला.

पंढरीला समजायला तीनेक सेकंद लागले. एक्क्याण्णव साल. त्याचं लग्न. बाबुरावला त्याने दमात सांगितलेलं, हिरोचं लग्न डायरेक्टरने फुकटात काढायचं. फुकट म्हटल्यावर बाबुराव नवी कॅसेट कशाला आणील? हाताला लागली ती जुनी घेतली, रेकॉर्डिंग अडवणारी खाच बुजवून वर चिकटपट्टी लावली आणि नवरदेवाच्या क्लायमॅक्सवरच नवरदेवाला हळद लावली. नंतर लक्षात आल्यावर त्याची बोबडी वळली असणार. कारण लग्नाची कॅसेट मागायला गेल्यावर त्याने कान पकडून सांगितलेलं, "पंढरी, काही आलंच नाही रे. कॅमेऱ्याला बाधा झाली." म्हणजे लोखंडी मनगटाला घाबरून त्या माणसाने मरेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, आणि आता वर जाऊन बसलेला.

विकी धावत आला, कानाशी वाकला. "काका, सॉरी! घरचं आहे ना तुमचं? बंद करतो. सांगतो पब्लिकला, टेप खराब आहे."

'कर' असं पंढरी म्हणणारच होता. तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला.

म्हातारीचा, जाड, थोडा फाटलेला. मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई धवला म्हणत होती. आगऱ्यांच्या लग्नात देवांना आवतण द्यायला जी गाणी म्हणतात, ती. ती गाणारी धवलारीण म्हणजे आवडाबाई, भावनाची आई. बारा वर्षांपूर्वी गेलेली. पंचक्रोशीतली शंभर लग्नं लावलेली बाई, पण तिचा आवाज कुणाकडेच नव्हता. भावनाने लोकांच्या लग्नांच्या कॅसेट मागून बघितल्या होत्या. सगळीकडे धवल्यावर बाबुरावने सनई चढवलेली, ही कॅसेट मात्र त्याआधीच दडवलेली.

पंढरीने बाजूला पाहिलं. भावना खुर्चीच्या टोकावर आलेली. पदर तोंडात धरलेला, डोळे पडद्याला चिकटलेले. ओठ हलत होते, आईच्या मागोमाग. चौतीस वर्षांत तिने त्याच्याकडे एकदाही असं बघितलं नव्हतं. मेलेल्या सासूचा हेवा वाटणं बरं नाही, हे पंढरीला ठाऊक होतं. तरी वाटला. सपाटून वाटला.

"काका? बंद करू ना?"

क्लायमॅक्स गेलेला तो गेलेलाच. पण आता पडदा विझला असता तर लोकांनी निदान ती मूठ तरी लक्षात ठेवली असती, हळदीतला बोका नाही.

"चालू दे," पंढरी म्हणाला. "आनि आवाज वाढव."

पाऊण तास लग्न चाललं. चारशे लोकांनी अख्खं बघितलं. मुंडावळ्यांतल्या भावनाने भटजींकडे डोळे वटारून बघितलं तेव्हा दगडूपेक्षा मोठी शिट्टी पडली. अक्षता पडल्या तेव्हा हॉलमधल्या बायका सवयीने हात वर करून मोकळ्या झाल्या. शेवटी लोक उठून भावनाभोवती जमले. दगडूही लंगडत स्टेजवरून उतरून तिच्या पाया पडायला वाकला, "वहिनी, म्हातारीचा काय गळा होता हो!" पंढरीकडे एक पोरगी आली. त्याने केस सारखे केले. ती म्हणाली, "अंकल, जरा फोटो काढता का? त्या आँटींबरोबर?"

त्याने काढला.

परतताना पंढरीला बसमधल्या माणसांना तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून दोघं रिक्षाने निघाली. ठाकुर्ली जवळ येईपर्यंत त्याने दम काढला. मग फुटलाच.

"बावीस मिनिटं होती गो ती. मी एकटा, चाळीस जनांना. आता जगात कुनीच बघितली नाय ती फाईट."

"मी बघितलीय."

"कवा?"

"लग्नाच्या आधी. तुमचं स्थळ आलं तवा आमच्या भावाने लायब्रीतून कॅसेट आनलेली. पोरगा कसा हाय ते बघाला. सगला वाडा बसलेला."

पंढरी रिक्षात वळून बसला. चौतीस वर्षं ही बाई हे पोटात ठेवून होती! "मंग? कसा वाटला?"

"मना तो पडनारा आवडलेला."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"दगड्या?" पंढरीचा आवाज चिरकला. "मंग मना कशाला हो बोललीस?"

"तो सारका मरत होता. तशा मानसाशी कोन लगीन करील? तुमी शेवटपर्यंत जित्ते रहाता."

राग धरावा असं होतं आणि सोडून द्यावं असंही. त्याने रिक्षाच्या दांडीला घट्ट धरलं.

"बरं, त्या फायटीत मी काय केला ते तरी सांग. सगला सांग. पयल्यापासना."

भावनाने डोळे मिटून आठवलं. मनापासून आठवलं, हे त्यालाही दिसलं.

"केस मागं घेतलंत."

"आनि?"

"मंग एकाला मारलंत. तो पडला. चांगला नाय पडला."

"ता सोड. मी कसा मारला?"

"जोरात," भावना म्हणाली. तिचं लक्ष बाहेर होतं, ओठ पुन्हा हलायला लागले होते.

"किती जोरात?" पंढरी म्हणाला, आणि रिक्षावाल्याला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.