आखूड रेघ

मी वलांडीचा बांबू बोलतोय. सातपाटीच्या जमनाआजीच्या अंगणात बोंबील वाळतात, ते आमच्याच जिवावर. दोन बांबू तिरके रोवायचे, डोक्याशी बांधायचे, दोर ताणून त्यावर बोंबील टांगायचे, झाली वलांडी. दारातून बघाल तर डावीकडचा माझा जोडीदार लांब, उजवीकडचा मी आखूड. तो माझ्यावर रेलायचा, मी त्याला खालून तोलायचो. दार समोरच, त्यामुळे घरातलं सगळं कानावर यायचं. मीही कान लावून ऐकायचो, खोटं कशाला बोलू?

आजीची नात हिना. आईबाप गेल्यापासून घरात दोघीच. हिना बोईसरला जपानी शिकायला जाऊ लागली. तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळते म्हणे. एकदा तिनं काडीनं वाळूत दोन रेघा ओढल्या.

"आजी, हे अक्षर म्हंजे माणूस. लांब रेघ टेकते, आखूड तिला सावरते. एकट्या रेघेचा माणूस नाय होत, असं आमच्या बाई सांगतात."

आजीनं अक्षराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "अगो, ही तं आपली वलांडी! एवढ्यासाठी बोईसरला जातेस?"

मुलाखतीच्या सकाळी हिना दोनदा अंगणात येऊन परत घरात गेली. "घाबरलं की जपानी लोक हेच अक्षर तळहातावर तीनदा लिवून गिळतात," ती म्हणाली. आजीनं तिचा हात ओढला आणि मिठानं चिरलेल्या बोटानं तीनदा लिहिलं.

"गीळ. आता समोर बसणारी सगळी तुझ्या पोटात."

हिना पास झाली, आणि जपानला गेली.

शेजारची साखरबाई कुंपणावरून म्हणाली, "सोताची म्हातारी वाऱ्यावर, नि परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते तुझी नात!"

"तुला दोन सुना हायेत ना? काल तापात पाणी कोणी दिलं तुला? मीच ना?"

साखरबाई घरात निघून गेली. पण त्यानंतर आजी कितीतरी वेळ एकच बोंबील हातात धरून बसली होती.

पावसाळ्यात माझ्या जोडीदाराचं बूड कुजलं. आळीतल्या दिनानाथनं येऊन कुजका भाग कापला आणि त्याला पुन्हा रोवलं. जोडीदार बुटका झाला. माझं डोकं त्याच्या वर निघालं.

मग एका रविवारी हिनाचा व्हिडिओ कॉल आला. "इथल्या एक आजी मला धरून चालतात. काल दारापर्यंत गेल्या."

"चालव गो. नीट धर त्यांना." आजीनं काडी उचलली. "थांब, मी पण शिकलेय." आमच्याकडे बघत बघत तिनं वाळूत दोन रेघा ओढल्या आणि फोन त्यावर धरला.

हिना हसली. "चुकलीस आजी! उजवी रेघ वर काढलीस. हा माणूस नाय झाला."

"मंग काय झालं?"

"दुसरंच अक्षर झालं. त्याचा अर्थ, आत येणे."

आजी दाराकडे बघत राहिली.

"मंग बरोबर लिवलंय."



ते अक्षर आजीनं पुसलेलं नाही. कोंबड्यांनाही तिकडे फिरकू देत नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. तिनं मला बघूनच काढलं. आता माझंही बूड भुसभुशीत झालंय. हिना, तिकडच्या नोकरीच्या कराराची तुझी आणखी दोन वर्षं बाकी आहेत. तोवर उभा राहीन म्हणतो, पण वाऱ्याचं काय सांगावं? आजीचंही तसंच. दाराला कडी नसते, नुसतं लोटलेलं असतं. हाक मारत थांबू नकोस. आत ये.