थंड शाफ्टचं माप

टर्नर लेथवर लोखंड कातून मापात आणतो. फिटर तेच मशीनमध्ये बसवतो. मुलुंडच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मी टर्नर, शिवदास फिटर. माझ्या खिशात मायक्रोमीटर, त्याच्या हातात हातोडा आणि कोपरापर्यंत ग्रीस. मी त्याला माझ्या लेथला टेकूनसुद्धा उभं राहू देत नसे.

त्या दिवशी कटिंग मशीनचा शाफ्ट अर्जंट हवा होता. मी कातला आणि गरम असतानाच मापला. पन्नास मिलीमीटर, बरोबर. थंड झाल्यावर लोखंड आकसतं, हे आयटीआयत पहिल्याच महिन्यात शिकवतात.

जेवणानंतर शिवदास आला. "सम्यक, बेअरिंग हातान जाता रे. ठोकल्याशिवाय जाता कामा नये. शाफ्ट ढिलो आसा."

"तू कानस घास ना गप! मिलीमीटरच्या शंभराव्या भागातलं तुला काय कळतं? पायरीने राह."

हे मी बोललो. माझ्या आजोबांना गावात हेच ऐकवायचे, म्हणून ते मुंबईला आले. आणि त्यांचा नातू, कारखान्याच्या चार भिंतींत, एका फिटरला पायरी दाखवत होता. हरामखोरी. दुसरं नाव नाही.

आवाज ऐकून सुपरवायझर देवेश आला. त्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही.

"आता शाफ्ट थंड झालो. परत माप," शिवदास म्हणाला.

मापला. दोन शतांश मिलीमीटर कमी. केसाहून बारीक फरक, पण बेअरिंगला पुरेसा.

"पन्नास," मी म्हणालो.

शिवदासला मायक्रोमीटर वाचता येत होता. त्याने बघायलाही मागितलं नाही. "टर्नर माप खोटा सांगाचो नाय. बसवतंय."

आठव्या दिवशी बेअरिंग शाफ्टवरच गरगर फिरलं, मशीन जाम.

"बसवलं कोणी?" देवेशने विचारलं.

शिवदासची अठरा वर्षांची नोकरी दहा मिनिटांत गेली. तेवढा वेळ मी लेथ पुसत होतो. लेथ स्वच्छच होता.

जाताना शिवदास माझ्याकडे आला. तेव्हाही लेथपासून दोन हात लांबच उभा राहिला.

"माप तर बरोबर होता," तो म्हणाला. "म्हणजे माझोच हात चुकलो. वय झाला, काय रे?"

"असेल," मी म्हणालो.