कुत्र्याची कढई

मी एक जुनी, ओतीव लोखंडाची कढई आहे. माझा एक कान तुटला आहे आणि आतून मी इतकी कडू झाले आहे, की माझ्यातल्या पाण्याला कोंबडीही तोंड लावत नाही. तरी मित्रांनो, नारीनच्या या डोंगरगावात माझ्याइतका मान दुसऱ्या भांड्याला नाही. गर्व म्हणा हवे तर. लोखंडाला तेवढा शोभतो.

या घरच्या मालकिणीच्या, बुरुल्चाआपाच्या नवऱ्याने मला बाजारातून घोड्यावर बांधून आणले. वीस वर्षे मी या घरचे मटण शिजवले. लग्ने झाली, बारशी झाली, बर्फात अडकलेले पाहुणे आठवडा आठवडा राहिले, आणि सगळे माझ्यातलेच जेवले. माझ्यावाचून या घराची चूल पेटणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

मग आपाच्या मुलाची, तालायची बायको होऊन बेगिमाई शहरातून आली. पोर कामसू होती, पण गावच्या रीती तिला कुणी सांगितल्याच नव्हत्या. एका दुपारी रस्सा संपल्यावर तिने मला अंगणात ठेवले आणि बोयनोक या शिकारी कुत्रीला चाटायला बोलावले. घासायचे कष्ट वाचले म्हणून ती खूश होती. आमच्याकडे कुत्र्यावर जीव टाकतात, पण उंबऱ्याबाहेर. त्याने तोंड लावलेले भांडे माणसांच्या चुलीवर पुन्हा चढत नाही.

बुरुल्चाआपा दारात येऊन थबकली. "बस आता तिच्याच पंगतीला," एवढेच ती सुनेला म्हणाली आणि तीन दिवस बोलली नाही. मी गोठ्यामागे गेले. पाणवठ्यावर बायका बेगिमाईला विचारू लागल्या, आज कुत्र्याच्या कढईत काय शिजवलंस? ती मान खाली घालून बादल्या भरायची. मी गंजत पडले होते आणि खोटे कशाला बोलू, मलाही तिचा रागच यायचा.

पुढच्या वसंतात बोयनोक व्याली. पाच पिल्ले झाली. ऊन तापले तसा अंगणात पिसवांचा सुळसुळाट झाला आणि पिल्लांच्या कानांत गोचिडी फुगल्या. रक्त जाऊन जाऊन ती मलूल झाली आणि एक दगावले. तालायने बाजारातून विषारी औषधाची बाटली आणली, तेव्हा बेगिमाईने त्याचा हात धरला. बोयनोक स्वतःचे अंग चाटते, पिल्ले तिला चाटतात, खाली सांडलेले कोंबड्या टिपतात. मग विष जाणार कुणाच्या पोटात, असे तिने विचारले. तालायने बाटली परत खिशात घातली. बाटली यायच्या आधी लोक काय करायचे, हे तिने सासूला विचारले.

आपाने कणकेतून मान वर केली नाही. "एरमेन उकळायचं. पण घरातलं भांडं मिळणार नाही."

एरमेन म्हणजे तुमच्या दवण्याची डोंगरातली कडू बहीण. बेगिमाईने भारा कापून आणला, गोठ्यामागे आली आणि मला दोन्ही हातांनी उचलले. वर्षभराने माझ्याखाली जाळ लागला. काढा गाळून निवल्यावर तिने बोयनोकला नखशिखांत धुतले, गोचिडी एकेक करून वेचल्या, जुने अंथरूण जाळून सुके एरमेन पसरले. संध्याकाळपर्यंत पिसवा मरून पडल्या. मला तर पुन्हा लग्नाचे जेवण रांधल्यासारखे वाटले.

पण पिल्ले दूध पिईनात. आचळाला तोंड लावायची, तोंड वाकडे करायची आणि मागे सरायची. सकाळी त्यांच्यात रडायचेही त्राण उरले नव्हते. माझ्याच कडवटपणाने ती मरणार, या विचाराने मी खचले. बेगिमाई मातीत बसून रडत होती. ही पिल्लेही मेली तर या घरात मला तोंड दाखवायला जागा नाही, असे ती बोयनोकला सांगत होती.

आपा बाहेर आली, तिने वाकून पाहिले आणि तिला हसू फुटले.

"अगं वेडे, आचळांनाही फासलंस? तुझ्या नवऱ्याचं दूध मी याच एरमेनने तोडलं होतं. अडीच वर्षांचा घोडा झाला तरी सोडत नव्हता."

तालाय खोगीर शोधायच्या निमित्ताने निघून गेला. आता हवे होते स्वच्छ कोमट पाणी, आणि माझ्यात तापवलेले तर कडूच होणार. आपा आत गेली. नमाजाआधी हातपाय धुवायचा आपला तांब्याचा चंबू घेऊन ती आली. तिने उंचावरून धार धरली आणि बेगिमाईने एकेक आचळ चोळून धुतले. थोड्याच वेळात चारही पिल्ले चुटुचुटु पिऊ लागली. सासूसुना तिथेच बसून राहिल्या.

त्याला आता सात उन्हाळे झाले. मेंढ्यांची कुत्री, शेजारची मांजरे, खुराड्यांच्या फळ्या, सगळ्यांना माझ्या काढ्याची सवय आहे. मित्रांनो, बाटले म्हणून एखादे भांडे किंवा चुकले म्हणून एखादे माणूस टाकून देऊ नका. त्याला दुसरे काम शोधून द्या आणि त्याची निगा राखा.

परवा पाणवठ्यावरची एक बाई मला मागायला आली. तिने आपाला विचारले, कुत्र्याची कढई दोन दिवस नेऊ का?

"मला काय विचारतेस? आमच्या सुनेची आहे ती," आपा म्हणाली. "तिला विचारून ने. आणि आतून घासू नकोस हं, तो कडूपणा तिने कमावलाय."