पंधरा खाचांची मापकाठी

मित्रांनो, मी एक जुनी मापकाठी आहे. कापड मोजणारी नव्हे आणि जमीन मोजणारी तर नव्हेच. मी पाणी मोजत असे. वाफेवर चालणाऱ्या एका नदीबोटीवर मी एकोणीस वर्षे काम केले आणि त्या एकोणीस वर्षांत आमची बोट एकदाही वाळूत रुतली नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते. काठीला छाती नसते, हे मला ठाऊक आहे.

बोटींच्या कारखान्यातल्या सुताराने मला एका चिवट लाकडातून तासले. सात हात लांबी, मुठीत मावेल एवढी जाडी आणि तळाला लोखंडी टोपण. एक हात लाल पट्टा, पुढचा हात पांढरा, असे अंगभर रंग दिले. मग मला एका बुटक्या, रुंद खांद्यांच्या माणसाच्या हाती सोपवले. त्याने एक डोळा मिटून मला टोकापासून टोकापर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, "सरळ आहे. माणसांत असं सापडत नाही!"

बोटीवरची मंडळी त्याला मापाडी म्हणत. बाजारातला मापाडी धान्य मोजतो, हा पाणी मोजायचा.

नदी वरून कितीही शांत दिसली तरी तिच्या पोटात काय आहे, ते कळत नाही. काल जिथे खोल पाणी होते, तिथे आज वाळूचा उंचवटा. आमच्या बोटीला तरंगायला अडीच हात पाणी लागे. मापाडी पुढच्या टोकाला उभा राहून मला पाण्यात सोडी, तळ लागला की पट्टा बघे आणि ओरडे, "चार हात! साडेतीन! तीन, जपून!" वर चाक धरून उभा असलेला सारंग त्याच्या हाकेवर बोट वळवी. पाच हातांच्या पुढे मोजायचे नाही, नुसते "भरपूर!" म्हणायचे. ते ऐकले की उतारू पुन्हा गप्पांना लागत.

सोळाव्या वर्षी मापाड्याच्या डोळ्यांवर पडदा उतरू लागला. आधी पट्ट्यांच्या कडा पुसट झाल्या, मग लाल कुठला आणि पांढरा कुठला, तेही कळेना. सारंगाला समजले असते तर त्याने मापाड्याला कायमचे काठावर उतरवले असते. घरात तो आणि त्याची बारा वर्षांची मुलगी, दोघेच होते.

एका दुपारी रंग द्यायचे निमित्त करून त्याने मला घरी नेले. ओसरीवर आडवे ठेवले आणि चाकूने माझ्या अंगावर खाचा पाडायला सुरुवात केली. पहिल्या हातावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, असे करत पाचव्या हातावर पाच. एकूण पंधरा. मुलगी माझे टोक धरून बसली होती.

"बाबा, हिला दुखत असेल का हो?"

"दुखलं तरी ही बोलणार नाही. आणि तूही बोलायचं नाहीस. कुणापाशी नाही."

त्या दिवसापासून त्याने पट्टे बघणे सोडले. मला वर ओढताना त्याचा तळवा कोरड्या लाकडावरून ओल्यावर येई, अंगठा तिथली खाच मोजी आणि हाक जाई, "तीन, जपून!" धुक्याच्या सकाळी इतर बोटी नांगर टाकून बसत. आमची मात्र सावकाश पुढे सरके. सारंग कौतुकाने ओरडे, "मापाड्या, डोळे आहेत की भिंगं रे तुझे?" मापाडी नुसता हसे. तीन वर्षे आम्ही दोघांनी असे काम केले. मला त्याचा अभिमान आहे.

पुढे पूल झाले, रस्ते झाले, बोटी बंद पडल्या. मापाड्याने मला घरी आणले. तो गेल्यावर मुलीच्या परसात मी कपड्यांच्या दोरीला टेकू दिला, मग एका वेलाला. खोटे कशाला सांगू, जिने दोनशे उतारू सांभाळले तिने ओले टॉवेल सांभाळायचे, याचा मला राग येई.

मग धक्क्यावरच्या जुन्या गोदामात नदीबोटींच्या इतिहासप्रेमींचे संमेलन भरू लागले. दरवर्षी तीन दिवस. मंडळी मोठी गमतीची. बोटीची चिमणी काळी होती की तपकिरी, यावरून दोन सभ्य गृहस्थ चहा टाकून उठत. मापाड्याची मुलगी, आता पांढऱ्या केसांची, मला तिथे घेऊन आली आणि देऊन गेली. खाचांबद्दल ती काही बोलली नाही. संमेलनाचे अध्यक्ष दरवर्षी भाषणात मापाड्याबद्दल सांगत, "अशी तीक्ष्ण नजर पुन्हा होणे नाही!" टाळ्या पडत. तिसऱ्या रांगेत बसलेली मुलगी मान खाली घाली.

संमेलनाची एक रीत आहे. दरवर्षी एक जुनी वस्तू निवडायची आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करून नव्यासारखी करायची. तिला 'यंदाची मानकरी' म्हणतात. नवव्या वर्षी तो मान मला मिळाला. मी फुलून गेले. पण दुरुस्ती करणाऱ्या सुतारमास्तरांनी मला टेबलावर घेतले, चष्मा पुसला आणि जाहीर केले, "दोर घासून खड्डे पडलेत. बुजवून टाकतो. वरून रंग दिला की ओळखू येणार नाही!"

त्यांनी भुसा आणि सरसाचा लगदा पहिल्या खाचेत दाबून बसवला. मला ओरडता आले असते तर!

"मास्तर, थांबा." मापाड्याची मुलगी उभी राहिली होती.

"दहा मिनिटांचं काम आहे, ताई."

"हात थांबवा आधी. ते खड्डे नाहीत. माझ्या बाबांनी पाडलेल्या खाचा आहेत."

"त्या कशाला?" अध्यक्षांनी विचारले.

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. गप्प बसली तर खाचा जाणार होत्या, बोलली तर बापाच्या नावाच्या टाळ्या. साठ वर्षे जपलेला शब्द तिने मोडला.

"त्यांना दिसत नव्हतं. शेवटची तीन वर्षं ते बोटांनी पाणी मोजत होते."

सभेतले एक दातांचे डॉक्टर ताडकन उठले. "म्हणजे दोनशे माणसं अशा माणसाच्या भरवशावर? माझी आजी जायची त्या बोटीनं!"

"पोचायची ना?"

डॉक्टर पुन्हा खुर्चीवर टेकले. "पोचायची," ते म्हणाले. "वेळेवर."

मागे कुणीतरी खुदकन हसले. ती मात्र हसली नाही. "सारंगाला सांगायला हवं होतं बाबांनी. चुकलंच त्यांचं, मी ते झाकत नाही. पण या खाचा बुजवल्यात तर त्यांनी काय करून दाखवलं, तेही बुजेल."

"मावशी," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "आठ वर्षं मी त्यांच्या नजरेवर भाषण देतोय हो."

"द्या की. नजर बोटांत होती, एवढं फक्त घाला."

सगळी सभा मला घेऊन धक्क्यावर गेली. तिने डोळे मिटले, मला पाण्यात सोडले आणि वर ओढत अंगठा फिरवला. "तीन हात. वर चार बोटं." डॉक्टरांनी वजन बांधलेला दोर सोडून मोजले. बोटभरही फरक नव्हता. त्यांनी दोर गुंडाळला आणि तिला वाकून नमस्कार केला. मग अध्यक्षांनी डोळे मिटून मला हातात घेतले आणि ऐटीत ओरडले, "भरपूर!"

"रुतली! अध्यक्षांनी बोट वाळूत घातली!" कुणीतरी ओरडले आणि सगळा धक्का हसला. आता मुलगीही हसली, डोळे पुसत.

सुतारमास्तर तेवढे हसले नाहीत. ते खाली बसले आणि नखाने पहिल्या खाचेतला लगदा कोरून काढू लागले. "चाळीस वर्षं लाकूड हाताळतोय," ते पुटपुटले, "आणि हातानं पाडलेली खाच मला ओळखता आली नाही."

आता मी गोदामाच्या दारात उभी असते. इतर वस्तूंवर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. माझ्यावर लिहिले आहे, 'डोळे मिटून हात लावावा.' मुले येतात, डोळे घट्ट मिटतात, मोजतात, चुकतात, पुन्हा मोजतात. एवढा मान मला बोटीवरही मिळाला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर खाच, डाग किंवा झिजलेली कड दिसली, तर ती बुजवायची घाई करू नका. नव्यासारखे करणे म्हणजे जपणे नव्हे. आधी विचारा, हे कुणी केले आणि कशासाठी केले. आणि सांगणारे माणूस तिसऱ्या रांगेत बसलेले आहे, तोवरच विचारून घ्या.