अधिक ज्येष्ठाची किल्ली

माझी थोरली बहीण विशालाक्षी हिने सत्तेचाळिसाव्या वर्षी एक महिना विकत घेतला.

तिरुवय्यारला कावेरीच्या काठी आमच्या तंजावरच्या मराठी लोकांचं एक घर आहे. १९०८ साली कचेरीतल्या बारा कारकुनांनी मिळून ते बांधलं. एकट्याला परवडेना, म्हणून चिठ्ठ्या टाकून वर्षाचे बारा महिने बारा जणांनी वाटून घेतले. चैत्र एकाचा, वैशाख दुसऱ्याचा. ज्याचा महिना, त्याच्याकडे किल्ली. त्याने तिथं राहावं, नदीवर स्नान करावं, हवे ते पाहुणे बोलवावेत. महिना मुलाला द्यावा, नाहीतर विकावा. पुढे नातवंडं पांगली. कुणी रंगूनला, कुणी कोलंबोला, कुणी मलायात. महिने त्यांच्याबरोबर समुद्रापार गेले आणि किल्ली राहिली चिटणिसांकडे. चिटणीस म्हणजे रघोजीराव, त्या बारांपैकी एकाचे नातू. माणूस तसा बरा, पण सगळ्यांचं सगळं सांभाळता सांभाळता ते आपलंच आहे असं त्यांना वाटू लागलं होतं.

अक्का मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि आमच्या भावाच्या, अण्णाच्या घरी राहायची. माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर तिची जागा. तिला खोली म्हणायची आमची पद्धत होती, पण दार नव्हतं. सकाळी दूधवाला आला की पहिली घागर तिच्या उशावरून जायची. वहिनी वाईट नव्हती. वाटच तिथून होती. अक्का मला एकदाच म्हणाली, "वर्षातून एक महिना आतून कडी लावता आली ना, तर बाकीचे अकरा मी हसत काढीन."

साठ साली कळलं की मलायातल्या इपोहचे एकोजीराव आपला ज्येष्ठ विकताहेत. ज्येष्ठ म्हणजे बारा महिन्यांत शेवटच्या पानावरचा. मेट्टूरच्या धरणाचं पाणी सुटलेलं नसतं, कावेरीत नुसती वाळू, आणि ती वाळूसुद्धा पाय ठेवू देत नाही. म्हणून तो कुणाला नको होता. अक्काला हवा होता, कारण शाळेची सुट्टी बहुधा त्यातच पडायची. अण्णा म्हणाला, समुद्रापलीकडच्या न पाहिलेल्या माणसाकडून तू वाळू विकत घेते आहेस. अक्का म्हणाली, हो, पण सावलीसकट.

तिने इपोहला पत्र लिहिलं ते इंग्रजीत. इंग्रजी ती शाळेच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून शिकली होती, त्यामुळे तिच्या पत्राला अग्रलेखाचा थाट असायचा. नऊ प्रश्न विचारले. वारस तुम्ही एकटेच का? हा महिना आधी कुणाला लिहून दिला आहे का? गहाण आहे का? एकोजीरावांनी उत्तर दिलं की माझं लग्न ठरलं तेव्हाही मला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. त्यांनी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. एक बहीण आहे पापनाशमला, भागीरथी, पण तिचा यात काय संबंध, असंही त्यांनी लिहिलं.

अक्काने कळवलं की तुमचे वडील सत्तावन्न साली गेले, म्हणजे छप्पनच्या वारसा कायद्याने बहिणीचाही वाटा आहे. तिची सही आणि तिचा पैसा तिला मिळाल्याशिवाय मी घेणार नाही. इकडे सगळे हसले. नसतं शुक्लकाष्ठ स्वतःच मागे लावून घेणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मी तिच्याबरोबर पापनाशमला गेले होते. भागीरथीबाईंनी तमिळमध्ये इतक्या सावकाश सही केली की कॉफी निवली, आणि मग तो कागद डोळ्यांसमोर धरून नुसत्या पाहत बसल्या.

इपोहच्या वकिलासमोर केलेलं मुखत्यारपत्र आलं, ते इथे कलेक्टर कचेरीत मुदतीच्या आत मुद्रांकित झालं, विक्री नोंदली गेली. त्याबरोबर एकोजीरावांनी घराच्या मूळ कराराची आपली प्रतही पाठवली. ती होती मोडीत.

मोडी आमच्यात तेव्हा कुणाला येत होती! देवनागरी वाचणारेसुद्धा बोटांवर मोजावेत. दुसरी एखादी म्हणाली असती, नोंद झाली, पुरे. पण न वाचलेल्या कागदाखाली सही करून अक्काला झोप येईना. आमच्याकडे आईच्या लग्नातल्या देण्याघेण्याची यादी मोडीत होती, आणि आईला ती तोंडपाठ होती. वडिलांशी भांडण झालं की ती पहिल्या तांब्यापासून शेवटच्या जरीच्या खणापर्यंत क्रमाने म्हणायची. अक्काने यादी समोर ठेवली, आईचं भांडण मनात म्हणत गेली आणि एकेक अक्षर आधी चित्रासारखं काढून मग ओळखलं. पाच महिने लागले. मग तिने करार वाचला, आणि कुणालाच काही बोलली नाही.

एकसष्ट साली ज्येष्ठ अधिक आला. अधिक ज्येष्ठ पंधरा मेपासून. निज ज्येष्ठ लागणार चौदा जूनला, आणि शाळा उघडणार बाराला. त्या वर्षी तिचा जो काही महिना होता तो अधिकातच होता.

आम्ही दोघी पहिल्या दिवशी सकाळच्या बसने गेलो. रघोजीराव तिण्णैवर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, पान लावत बसले होते. आत त्यांच्या सासुरवाडीची माणसं उतरली होती. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, ताक दिलं आणि समजावलं की अधिक महिना कुणाचाच नसतो. तो संस्थेचा. आजवर तो चिटणीसच पाहत आले. विशालाक्षीबाईंनी चौदा जूनला यावं.

"चौदाला माझी शाळा आहे," अक्का म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी या. कागद परदेशातून येतात हो, पण इथली रीत इथे राहणाऱ्यालाच ठाऊक."

अक्काने आपली प्रत पिशवीतून काढलीच नाही. म्हणाली, "तुमच्या पेटीतली प्रत आणा. माझी मी लिहून आणली म्हणाल."

रघोजीराव हसले आणि प्रत घेऊन आले. पन्नास वर्षांत तिची घडी कुणी मोडली नसावी. सासुरवाडीची मंडळीही दारात येऊन उभी राहिली. अक्का उभ्यानेच वाचू लागली, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात. बाराही नावं वाचली. रघोजीरावांच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी पान बाजूला ठेवलं. मग नववं कलम आलं.

"अधिक मास आल्यास तो त्याच मासाच्या धन्याकडे चालावा."

मी उठलेच होते, की आता जिंकलो. पण अक्का थांबली नाही.

"मात्र त्या वर्षी विहिरीचा गाळ त्याने स्वखर्चे काढवावा व बाराही घरांस पाणी खुले ठेवावे."

मी तिच्याकडे पाहिलं. हे तिने पुढे वाचलं नसतं तर तिण्णैवरच्या एकालाही कळलं नसतं. ती विहीर पन्नास वर्षं उपसली नव्हती. तळाशी हिरवा चिखल, आणि प्यायचं पाणी रघोजीराव शेजारून आणवत.

रघोजीरावांनी कागद स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "हेही त्यात आहे?"

"आहे."

"आणि तुम्ही वाचलंत."

"लिहिलं होतं," अक्का म्हणाली.

त्यांनी आत जाऊन सासुरवाडीला सामान बांधायला सांगितलं. सासूबाई काहीतरी बोलल्या, ते म्हणाले, "सरि, सरि, बरं, पण आजोबांची सही आहे." किल्ली त्यांनी अक्काच्या हातात स्वतः दिली. तो हिशेबी माणूस त्या क्षणी मला आवडला, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून अक्काने गाळ काढणारी माणसं लावली. नदी कोरडी, म्हणून हे काम याच दिवसांत होतं. ते तिला आधीच ठाऊक होतं. चार दिवस चिखल निघाला, त्यातून दोन पितळी कळश्या आणि कुणाचा तरी चष्मा निघाला. ती पदर खोचून कठड्याशी उभी, आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला मी, तिची धाकटी बहीण, रोज सकाळच्या बसने येऊन विचारल्याशिवाय सांगत होते की हा महिना हिचा. पाचव्या दिवशी खाली वाळू लागली आणि कडेच्या झऱ्यातून पाणी आलं, थंड आणि किंचित गोड. रघोजीरावांनी पहिला तांब्या घेतला, गावभर सांगून आले आणि संध्याकाळी परत येऊन फाटकाबाहेर उभे राहिले. आत यायला चालेल का, म्हणून विचारत होते. पाणी सगळ्यांना खुलं होतं, तरी विचारलं.

"या की," अक्का म्हणाली.

मग मलाही सुचलं. घरी मुलं वाट बघत होती, तरी मी म्हटलं, "अक्का, आजची रात्र तुझ्याकडे राहू का?"

ती आत जाऊन दोन्ही खोल्या पाहून आली, जणू जागा आहे की नाही ते बघायचं होतं. "राहा," म्हणाली. "मधल्या खोलीत झोप. तिकडून कुणाची ये-जा नाही."

आणि आपल्या खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज ऐकत मी बाहेर उभी होते, आणि इतकी ऐट मला माझ्या लग्नातही वाटली नव्हती.