पोटात अडकलेला घास

शुक्रवारी सकाळी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सायकलसुद्धा घालता येत नसे. बंद पडलेल्या कल्याणमंडपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, अंगणात नटराजस्वामी बसायचे आणि निम्मं तंजावूर पोट धरून त्यांच्यापुढे रांग लावायचं.

स्वामी चाळिशीतले, तुकतुकीत अंगाचे. खांद्यावर पंचा, हातात वीतभर पितळी नळी. आजारी माणसाला पाटावर बसवायचं, नळीचं एक टोक त्याच्या पोटावर टेकवायचं, दुसरं स्वतःच्या तोंडात धरून जोरात चोखायचं. स्वामींचे डोळे फिरायचे, मानेच्या शिरा तटतटायच्या. मग ‘थू!’ ताटलीत एक गोळा पडायचा. भात, केसांचा गुंता, कधी कढीलिंबाचं पान.

“सहा वर्षांपूर्वीचा घास!” स्वामी तमिळमध्ये गरजायचे. “लग्नाच्या पंगतीत, जळक्या नजरेखाली गिळलेला! आतड्याला चिकटून बसला होता पापी!”

“अय्यो मुरुगा!” गर्दी हात जोडायची.

सहा वर्षं पोटात राहून कढीलिंब हिरवागार कसा, असं कुणी विचारत नसे. माझ्या फ्रिजमध्ये तो चार दिवसांत काळा पडतो.

मी राजम. याच गल्लीच्या तोंडाशी तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. असल्या तमाशांकडे पाहून कपाळाला आठ्या घालायच्या आणि पुढे जायचं, एवढीच माझी समाजसेवा. या स्वामींनाही मी तसंच सोडलं असतं. पण एका शुक्रवारी माझी सरोजा कामावर आली नाही.

सरोजा पंधरा वर्षं माझी मदतनीस. अवजारं उकळायची, रडणाऱ्या मुलांना गप्प करायचं, पेशंटच्या हाती पाण्याचा टंबलर देऊन “चूळ भरा” म्हणायचं, हे तिचं काम. न सांगता ती कधी राहिली नव्हती. मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती.

“मी येत नाही आता, डॉक्टरम्मा. मी गल्लीतून चालले की बायका पोरांना पदराआड घेतात.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. माझी चुलतबहीण जयलक्ष्मी, म्हणजे आमची अक्का, तिची सून श्रीविद्या पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिचं वळैकाप्पु झालं. आपलं डोहाळजेवणच ते, फक्त हातभर बांगड्या भरायच्या. तिथे प्रत्येक बाईने तिला एकेक घास भरवला. सरोजाने चिंचेचा भात भरवला. महिन्याभराने श्रीविद्येला धाप लागू लागली, पोट वरच्या बाजूला दुखू लागलं. अक्का तिला स्वामींकडे घेऊन गेली. स्वामींनी चोखून चिंचेच्या भाताचा गोळा काढला आणि म्हणाले, “मूल नसलेल्या बाईच्या हातचा घास. असे तीन आहेत, तीन शुक्रवार यायचं. तोवर गोळी नाही, सुई नाही. सुईने घास वर सरकतो आणि बाळाचा श्वास कोंडतो.”

“म्हणजे तपासणीला गेलीच नाही ती?”

“दोन तपासण्या चुकल्या म्हणे. आज तिसरा शुक्रवार.”

मी सरोजालाही उठवून दवाखान्यात आणलं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत टाकलं. सरोजाला म्हटलं, “चल माझ्याबरोबर. तू काय पाप केलंयस तोंड लपवायला?” ती नको नको म्हणत आली. सवयीने तिने टंबलर आणि चूळ थुंकायची चिलमचीही उचलली.

मंडपात श्रीविद्या खुर्चीत पुढे वाकून बसली होती. चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या.

“मावशी, आडवं... पडताच येत नाही. रात्रभर... बसूनच.”

“दुखतं कुठे?”

तिने उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

“डोकं?”

“फुटतंय. डोळ्यांपुढे... काजवे.”

मी दंडाला पट्टा बांधला. एकशे सत्तर, खाली एकशे दहा. पुन्हा मोजला. तेवढाच. गरोदरपणी एकशे चाळीस, खाली नव्वदच्या वर गेला तरी धोका, आणि हा कुठल्याकुठे.

“अक्का, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल.”

“पुढचा नंबर आपलाच आहे, राजम. शेवटचा घास राहिलाय. अर्धवट सोडला तर उलटतो म्हणे.” अक्का वाईट बाई नव्हे. पंधरा दिवस ती सुनेची पाठ चोळत जागली होती. भीतीने माणूस दिसेल ती काठी धरतो.

मी १०८ला फोन लावला. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येईल म्हणाले. पण ती आली तरी अक्का सुनेचा हात सोडेल, असं मला दिसेना. जे करायचं ते या दहा मिनिटांतच.

मी स्वामींकडे निरखून पाहिलं. तीस वर्षं मी माणसांची तोंडंच पाहतेय. स्वामी उजव्या बाजूने बोलत होते. डावा गाल किंचित फुगलेला. एक तर अक्कलदाढेला गळू, नाहीतर...

“स्वामी, या मुलीच्या पोटाला नळी लावण्याआधी तुमचं तोंड तपासू द्या. मी दातांची डॉक्टर. आ करा.”

“या मुखात मंत्र आहे, अम्मा. तोंड उघडलं तर तो उडून जाईल.”

“मघापासून बोलताय. अजून उडाला नाही?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. स्वामी चिडले. “संशयी माणसाच्या सावलीनेही उपचार बिघडतो!”

तेवढ्यात सरोजा पुढे आली. तिने टंबलर त्यांच्यासमोर धरला.

“चूळ भरा, स्वामी.”

रांगेतल्या माना तिच्याकडे वळल्या. मूल नसलेली ‘ती’ बाई हीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“पूजेआधी सगळेच चूळ भरतात. मंत्र काय पाण्याने वाहून जातो?”

“भरा की स्वामी, पाणीच तर आहे,” रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

“भरा...” खुर्चीतून श्रीविद्या म्हणाली, “मग मी... येते पाटावर.”

आता नाही म्हणणं अवघड होतं. स्वामींनी पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटून सगळंच गिळून टाकायचा धाडसी बेत केला. तो घशात अडला. ठसका, दुसरा ठसका, डोळे पांढरे. आणि चिलमचीत टपटप तीन गोळ्या पडल्या, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एक फुटली. आत चिंचेचा भात आणि दोऱ्याने बांधलेले केस.

“अय्यो! म्हणजे माझा सहा वर्षांचा घास याच्या गालातला?” म्हातारी किंचाळली.

दर पेशंटआधी स्वामी तोंडावर पंचा धरून भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे वळत. मी तो पंचा झटकला. घडीतून आणखी पाच-सहा गोळ्या पडल्या. देवाकडे वळायचं, गाल भरायचा. चोखताना दाताने प्लास्टिक फोडून ते जिभेखाली दाबायचं, आणि आतला माल ताटलीत थुंकायचा. एवढीच सिद्धी.

मी नळी उचलून सगळ्यांना दाखवली. “पोटाच्या कातडीला भोक नसतं. वरून कितीही चोखलं तरी आतलं बाहेर येत नाही. आणि खाल्लेला घास वर्षानुवर्षं आत बसून राहत नाही. तो कुठून बाहेर जातो, ते तुम्हाला रोज सकाळी कळतंच.”

हशा पिकला. त्या गोंधळात स्वामी मागच्या दाराने पसार झाले. अक्का मात्र हसली नाही. ती चिलमचीकडे बघत राहिली. मग सुनेच्या काखेत हात घालून म्हणाली, “ऊठ ग. चल.” बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता.

सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर नंदिताने अक्काला समोर बसवून सांगितलं. गरोदरपणात रक्तदाब चढला होता. त्यामुळे यकृताला सूज आली होती, म्हणून बरगडीखाली दुखत होतं. फुप्फुसांत पाणी साचू लागलं होतं, म्हणून धाप. “आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. मग आई आणि बाळ, दोघांचंही काही सांगता आलं नसतं.”

संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, दोन किलोलाही थोडी कमी. ती पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. श्रीविद्येचा रक्तदाब आठवड्याने उतरला आणि ती पहिल्यांदा आडवी पडून झोपली.

अक्का सरोजाच्या दारात गेली तेव्हा मी बरोबर होते.

“मी शिकलेली बाई, तरी तुझ्यावर आळ घेतला. मला क्षमा कर.”

सरोजाने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “तिला आंबट खावंसं वाटत होतं ना, म्हणून तो भात मी पहाटे उठून केला होता, अक्का.”

अक्का रडू लागली. सरोजाने तिला आत बोलावून कॉफी दिली. पण बाळाला पाहायला ती महिनाभर गेली नाही, आणि मीही तिला जा म्हटलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. स्वामी आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने बसतात असं कानावर येतं. नळी तीच. म्हणून हे लिहिलं. गरोदर बाईला थोडी धाप लागतेच. पण आडवं पडता येत नसेल, बरगडीखाली दुखत असेल, डोकं ठणकत असेल, चेहरा सुजला असेल, तर कुणी काय भरवलं ते आठवत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात न्या, दंडाला पट्टा बांधायला लावा आणि आकडा वाचा. त्या आकड्याला कुणाची नजर लागत नाही.