आबांनी 'हमाल' उचलला तो दिवस

सांगलीच्या बाजारात एका सकाळी अरबांच्या बसऱ्याहून एक म्हातारा पायी आला. त्याच्या पाठीवरच्या पोत्यात 'हमाल' हा शब्द होता. समुद्रातूनही तो चालतच आला असणार, कारण कमरेपर्यंत ओला होता.

मी हळदीच्या गाळ्यात काट्यावर बसते आणि वजनाच्या बाबतीत सख्ख्या बापाचंही ऐकत नाही. म्हाताऱ्याला पोत्यासकट काट्यावर उभं केलं. काटा हजार वर्षांच्या पुढे जाऊन थांबला.

आमचे आबा, लिंबाजी, या बाजारातले सगळ्यात जुने हमाल. मणक्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेले. पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आबा उठले आणि म्हाताऱ्यापुढे पाठ वाकवून उभे राहिले. मला रडू आलं, आणि त्यांची ऐट आवडलीही.

पोतं आबांच्या पाठीवर आलं. म्हाताऱ्याच्या पाठीवरही ते तसंच राहिलं.

"असंच असतंय हे," आबा म्हणाले. "दिलं तरी देणाऱ्याचं कमी होत न्हाई. इराणात घेतलं, तुर्कांनी घेतलं. आता म्होरं कन्नड मुलखात न्यायचं."

आबा चौथी शिकलेले. हे त्यांना पोत्यानंच सांगितलं असावं.

म्हैसाळ ओलांडल्यावर रस्ता बारीक होत होत पोत्याच्या रुंदीएवढाच उरला. मी मागून चालत होते.

"आबा, खाली ठेवा की. पाठ जाईल तुमची."

"येडी का काय! ह्यो शब्द भुईला टेकला, तर आपल्या माणसांना हाक कशानं मारायची?"

कर्नाटकातल्या कागवाडच्या वेशीवर बसाप्पा नावाचा हमाल आधीच वाकून उभा होता. "कोड्री, अण्णा," म्हणत त्यानं पाठ पुढे केली. आबांनी दिलं. पोतं बसाप्पाच्या पाठीवर गेलं आणि आबांच्याही पाठीवर राहिलं. निदान इथं तरी आबा सुटतील, अशी माझी आशा होती. ती वेडी होती.

आबांच्या पाठीतून कट्कन आवाज आला. मग ते जमिनीत जाऊ लागले. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. मी खांदे धरून ओढलं.

"मला सोड," आबा म्हणाले. "पोतं धर."

इतका ताठ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी पोत्याखाली हात घातले. छाती गेली, गळा गेला, आबांचे पांढरे केस गेले. मातीवर त्यांचे दोन तळहात तेवढे राहिले, आणि त्यांच्या-माझ्या हातांवर पोतं, भुईपासून चार बोटं वर.